माल कुठला?

आबांनी मला तीन आठवडे चहा दिला नाही.

तक्रार नाही, फक्त सांगतोय. मार्केट यार्डात ट्रक लावायला जागा शोधणाऱ्या अनोळखी ड्रायव्हरलासुद्धा कुणीतरी चहा पाजतं. तिथं या माणसानं मला समोर बसवलं, माझ्या डावीकडच्याला चहा मागवला, उजवीकडचीला चहा मागवला, स्वतःला मागवला. चहावाल्यानं माझ्याकडे बघून "अजून एक?" विचारलं तर म्हणाले, "त्याला नंतर."

ते 'नंतर' कधी आलं, ते सांगतो. पण आधी माणूस कळला पाहिजे.

आबांचा गाळा भुसार बाजारात होता. गाळा म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे उरलेली फट, आणि त्या फटीला शटर. आत शिरलं की पहिल्यांदा डोक्याला पत्रा लागायचा. छताला तारा बांधलेल्या आणि तारांवर शेकडो पत्रे टांगलेले, प्रत्येकात अक्षरं कोरलेली. पंखा लावला की सगळे पत्रे एकमेकांवर आपटायचे. तो आवाज आमच्या बँडच्या पहिल्या डेमोपेक्षा चांगला होता, हे मी शपथेवर सांगतो.

धंदा मार्का मारायचा. धान्याच्या पोत्यावर काळ्या शाईत व्यापाऱ्याचं नाव आणि गाव असतं ना, तो मार्का. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सपाट करायचा, छिन्नीनं त्यात अक्षरं कापायची, पत्रा पोत्यावर ठेवून वरून ब्रश फिरवायचा. पत्रा उचलला की अक्षरं पोत्यावर. आबा हे इतकी वर्षं करत होते, पण अंगातला पांढरा शर्ट आणि पांढरी पँट यांच्यावर एक ठिपका नाही. मी विचारलं, "आबा, डाग कसा पडत नाही?"

"शाईला कळतंय कुठं जायचं," आबा म्हणाले. "माणसाला कळत न्हाई."

मूळचे वारज्याचे. तिथं त्यांचं वावर होतं, वांग्याचं. वावरावर सोसायटी उभी राहिली, आबांना त्यात तीन फ्लॅट मिळाले. भावांनी मोठ्या गाड्या घेतल्या आणि गळ्यात साखळ्या घातल्या. आबा मार्केट यार्डात येऊन छिन्नी घेऊन बसले. "फ्लॅटमधे दिवसभर करायचं काय? पाण्याचा पंप चालू झाला का, एवढंच बघायचं?" तीन फ्लॅटचा मालक आणि बसायला तेलाचा डबा.

आणि माणसाला नावानं हाक मारायची नाही. मालाच्या गावानं मारायची. "ए जामखेड, सावकाश!" असं ते एका टेम्पोवाल्यावर ओरडायचे. "लातूर आलं का?" म्हणजे लातूरची डाळ आली का नाही, तर लातूरचा तो जाडा दलाल आला का. एकदा फोनवर म्हणाले, "सांगली वारली." मी घाबरलोच.

आता प्रश्न असा की या माणसाचा आणि पंक रॉकचा काय संबंध.

पुण्यात पंक वाजवणारे मोजके आहेत आणि ऐकणारे त्याहून कमी, कारण वाजवणारेच एकमेकांचं ऐकायला जातात. गाणं दोन मिनिटांचं, कॉर्ड तीन, राग खूप. पोस्टर हातानं करायचं, पेपरातली अक्षरं कापायची, चिकटवायची, झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढायची, चेहरे जळून काळे होईपर्यंत. सुबक दिसलं तर पोरं विचारतात, बँकेची जाहिरात आहे का?

तर काही वर्षांपूर्वी कुठल्यातरी बँडला स्टेजमागे लावायला स्वस्तातलं कापड हवं होतं, म्हणून ते मार्केट यार्डात गोणपाट घ्यायला गेले आणि आबांच्या पत्र्याला डोकं आपटून घेतलं. आबांनी त्यांचं नाव त्यांना गोणपाटावर मारून दिलं. जाड, काळं, थोडं ओघळलेलं. त्या एका फोटोनंतर सगळ्यांनाच तसं हवं झालं. ज्या बँडच्या मागे आबांचं गोणपाट नाही, तो बँड अजून घरीच वाजवतोय असं समजायचं.

आबांना मात्र ही कला वगैरे आहे हे मान्य नव्हतं. एकदा डिझाइन कॉलेजची एक मुलगी माईक घेऊन आली. तिनं विचारलं, "सर, तुमच्या अक्षरांमागची प्रेरणा काय?"

"हमाल."

"म्हणजे?"

"त्याच्या पाठीवर पन्नास किलो असतंय. त्याला थांबून वाचायला टाइम न्हाई. पळता पळता कळलं पाहिजे, हे पोतं कुणाचं."

"आणि शाई ओघळते ते मुद्दाम? म्हणजे एक रॉ फील…"

"घाई असती."

ती मुलगी अर्धा तास अजून प्रेरणा शोधत होती. आबांनी तिला चहा दिला. तिचं गाव त्यांनी आल्या आल्या विचारून घेतलं होतं, परभणी.

गाणं ऐकायची पद्धत अशी: मोबाईल मोकळ्या तेलाच्या डब्यात टाकायचा आणि डब्यासमोर उकिडवं बसायचं. डब्यातून ऐकलं की गाण्यातलं सगळं नाजूक सामान गळून जायचं, उरायचा तो नुसता दणका. "डब्यातनं जे बाहेर येतंय तेवढंच गाणं," आबा म्हणायचे. "बाकी पॅकिंग." मग वजन सांगायचे. "हे तीस किलो भरंल." "ह्याची सुतळी सैल हाय." एका फार हळव्या इंडी बँडचं गाणं ऐकून म्हणाले होते, "ह्यात भुसाच जास्त निघाला." त्या बँडनं ते वाक्य आपल्या स्टिकरवर छापलं.

पंकच का आवडतं, हे मी विचारलं होतं. म्हणाले, "दोन मिनिटांत मुद्द्याचं बोलतात अन् जातात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला लावा हे."

हे वाक्य मी हुबेहूब करतो. आधी नाकातून एक श्वास, मग खालचा ओठ पुढे, आणि 'लावा हे'ला मान डावीकडे. कारण मी मिमिक्री करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी आख्ख्या शाळेला अर्धी सुट्टी दिली होती, आणि खुद्द हेडमास्तर स्टाफरूममधून डबा घेऊन बाहेर आले होते. गॅदरिंगला दरवर्षी माझा नंबर. एसटी कंडक्टर, निवडणुकीची रिक्षा, तहसीलदार, म्हैस. पुण्यात आल्यावर हेल्पडेस्कची नोकरी मिळाली तीसुद्धा आवाजावरच. दिवसभर मी परदेशातल्या लोकांना त्यांच्याच उच्चारात सांगतो की मशीन बंद करून परत चालू करा.

आणि इथंच घोळ झाला. बँडच्या पहिल्या प्रॅक्टिसला तन्वीनं विचारलं, "तू कुठला?" तन्वी ड्रम वाजवते आणि ती पोस्टरं, झेरॉक्स, सगळं तिचंच. मी गंमत म्हणून पेठेतल्या काकांच्या आवाजात म्हणालो, "कर्वे रोड. आमचे बाबा प्राध्यापक आहेत, दुपारी एक ते चार कृपया बेल वाजवू नये." ती हसेल असं वाटलं. ती म्हणाली, "ओह, नाइस," आणि स्टूल वर करायला लागली.

झालं. मिमिक्री चालू केली आणि बंद करायचं बटण सापडेना. दीड वर्षं मी कर्वे रोडचा होतो. माझे वडील करमाळ्याच्या बाजारात तोलार आहेत. तोलार म्हणजे काट्यावर माल तोलणारा माणूस. त्यांना मी फोनवर "सर, नोट्स मिळाल्या" असं म्हणायचो, तन्वी जवळ असली की. ते म्हणायचे, "कोण सर? दारू प्यालास का?"

बँडचं नाव द वेट मॅचेस. मी गातो, तन्वी ड्रम, ओंकार गिटार. बास वाजवणारा मिळाला नाही म्हणून बास नाही. ओंकार अमरावतीचा आहे आणि तो हे दर दहा मिनिटांनी कुणी न विचारता सांगतो. मला त्याचा हेवा वाटायचा.

वारज्याला एका सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमधे रविवारी दुपारी एकूण चार बँड वाजवणार होते आणि त्यात आमचं नाव होतं. आमचा पहिला खरा कार्यक्रम. गोणपाट हवंच. तर आम्ही तिघं आबांकडे.

"नाव?"

"द वेट मॅचेस," मी म्हणालो, हेल्पडेस्कच्या उच्चारात.

"म्हणजे?"

"ओल्या काड्या, आबा. काडेपेटीच्या."

"मग पेटणार कशा?"

ओंकार म्हणाला, "हेच तर मी म्हणतो ना बे यायले."

आबांनी मोबाईल डब्यात टाकला. गाणं सुरू व्हायच्या आधी मी नेहमीप्रमाणे ओरडलेलो: वन, टू, थ्री, फोर! आबांची मान हलली. "हे आधी मोजून घेता ते बरंय. न मोजता माल सोडायचा न्हाई. आमच्यात पण माप टाकताना मोजतात. पण 'एक' म्हणत न्हाईत, पहिल्याला 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार."

"लाभ!" तन्वी म्हणाली. "किती गोड आहे."

मी, ज्याला झोपेत सुद्धा वडिलांचं "लाभ" ऐकू यायचं, म्हणालो, "वॉव. इंटरेस्टिंग."

गाणं संपलं. आबा म्हणाले, "चाळीस किलो. बरं हाय. माल कुठला?"

हा त्यांचा शेवटचा प्रश्न असायचा. गावाचं नाव पत्र्यावर कापल्याशिवाय ते पत्रा द्यायचे नाहीत, मग तो लसणाचा व्यापारी असो नाहीतर बँड. ओंकार म्हणाला, अमरावती. तन्वी म्हणाली, पुणे. आबांनी मान हलवली. "पुण्यात काय पिकत न्हाई. पिकायचं, आता न्हाई पिकत. इथं नुसता माल येतो. आजोबा कुठले?"

"वाईचे."

"मग वाई. अन् हा, वन-टू-थ्री?"

"पुणेच," मी म्हणालो. "कर्वे रोड."

"आजोबा?"

"तेही… कर्वे रोड."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग चहावाल्याला हाक मारून तीन चहा सांगितले, आणि त्याच्या प्रश्नाला ते उत्तर दिलं, "त्याला नंतर." आणि आम्हाला म्हणाले, "पत्रा होणार न्हाई."

बाहेर आल्यावर तन्वी चिडली. "काय प्रॉब्लेम आहे त्यांचा?" ओंकार म्हणाला, "म्हातारा सटकला आहे." मी दोघांपेक्षा जोरात मान हलवली.

दुसऱ्या आठवड्यात तेच. तन्वीनं तिचं नवं झेरॉक्स पोस्टर नेलं होतं, लग्नाच्या जाहिरातींमधले नवरदेव कापून त्यांच्या डोक्याला काड्यांची गुलं लावलेली. आबा ते बराच वेळ हातात धरून बसले. "ह्याला मार्का म्हणतात," म्हणाले, आणि तिला चहाबरोबर खारीपण मागवली. मग माझ्याकडे वळून, "कुठला?" मी, "पुणे." "होणार न्हाई."

त्याच दिवशी गाळ्यात एक मिरचीचे शेठ बसले होते. लाल टिळा, जाड आवाज, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काय?" ते गेल्यावर आबा सांगत होते, एका दुसऱ्या व्यापाऱ्यानं एकदा साध्या मिरचीच्या पोत्यांवर ब्याडगीचा मार्का मारायला सांगितलं होतं. आबांनी त्याचाच जुना पत्रा तारेवरून काढला, दुमडला आणि त्याच्या हातात दिला. "मिरची खोटी असंल तर ती तिखट लागून सांगती तरी," म्हणाले. "मार्का खोटा असला तर तो माझ्या तोंडून खोटं बोलतो." मी ते ऐकलं, पण माझा अर्धा मेंदू त्या शेठच्या "काय?" वर होता. आवाज मस्त होता. घशातून यायचा.

आता माझी अक्कल बघा.

कार्यक्रमाला एक आठवडा राहिला होता. तन्वी म्हणाली, गोणपाट नसेल तर मी चादर लावणार नाही, त्यापेक्षा वाजवायलाच नको. म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं, फक्त हे मलाच माहीत होतं. खरं सांगायचं तर एका मिनिटाचं काम होतं. पण त्या एका मिनिटानंतर मी दीड वर्षं थापा मारणारा माणूस होणार होतो, आणि थापाड्या गायक कुणाला हवा असतो? म्हणून मी खरं सांगण्याऐवजी आबांना फोन केला. शेठच्या आवाजात.

"आबा, एक पत्रा कापून ठेवा, काय? त्या वेट मॅचेसवाल्या पोरांचा. आपल्या ओळखीतली पोरं आहेत. गावबिव काय घालू नका, काय?"

पलीकडे कपबशी वाजली. मग आबा म्हणाले, "बरं शेठ. बुधवारी न्यायला सांगा."

मी घरी आरशासमोर स्वतःला टाळ्या वाजवल्या.

बुधवारी आम्ही गेलो तर पत्रा तयार. स्वच्छ, सरळ, वेट मॅचेस. ('द' काढून टाकला होता. "त्याचं तिथं काय काम?") तन्वीनं तो पत्रा छातीशी धरला. आबांनी तिला आणि ओंकारला समोरच्या दुकानातून गोणपाट मोजून आणायला पाठवलं, आणि मला म्हणाले, "तू बस."

मी बसलो.

"परवा गंमत झाली," आबा म्हणाले. "शेठ इथंच बसलेले, तू बसलाय त्या डब्यावर. चहा पीत होते. अन् शेठचा फोन आला."

माझ्या कानातून वाफ निघाली असणार.

"मी फोन त्यांच्या कानाला पण लावला. म्हणाले, माझ्यापेक्षा हा चांगला बोलतोय, काय?"

मला हसू येत होतं आणि पळून जावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. मी म्हणालो, "सॉरी आबा."

त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं मजुरीत मिळालेलं एक ज्वारीचं पोतं उभं होतं, तोंड शिवलेलं. "हे कुणी शिवलं?"

मी बघितलं आणि आठवलं. पहिल्या दिवशी तन्वी आणि ओंकार पत्रे बघत हिंडत होते तेव्हा मी कंटाळून ते उसवलेलं पोतं दाभणानं शिवून टाकलं होतं. घरी आम्ही लहानपणापासून हेच करायचो, हाताला चाळा म्हणून. पोत्याचं तोंड शिवताना दोन्ही टोकांना उचलायला धरता येतील असे दोन कान काढतात. ते काढताना मी विचारसुद्धा केला नव्हता.

"उजव्या कानाला दोन पीळ," आबा म्हणाले. "डाव्याला एक. अशी पोती मी वीस वर्षं उतरताना बघतोय. कुठली ती सांगू?"

मी पोत्याचा कान बोटांनी चाचपला.

"तीन आठवडे ते पोतं मी विकलं न्हाई. म्हटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. तुला सगळ्यांचे आवाज येतात. हाताला काय मिमिक्री येत न्हाई."

मग त्यांनी बुडाखालच्या डब्यामागून एक छोटा पत्रा काढला. करमाळा. धार आता चकाकत नव्हती, म्हणजे कापून बरेच दिवस झाले होते.

"हा तुझ्याकडं ठेव. मारायचा तर मार. न्हाई मारला तरी वाजवा तुम्ही, मी काय पोलीस न्हाई. फक्त मग ते गोणपाट मला दाखवू नको."

तेवढ्यात ते दोघं आले. चहा आला. तीन. मी पत्रा पाठीवरच्या बॅगेत लपवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला चहा मागायचा धीर झाला नाही.

रविवारी आम्ही वारज्याच्या त्या पार्किंगमधे पोचलो. खांबांवर फ्लॅटचे नंबर, वॉचमन कानात बोटं घालून तयार, चेअरमनची ताकीद: सहाला बंद. आम्ही गोणपाट भिंतीवर ताणलं, तन्वीनं पत्रा धरला, मी ब्रश मारला. वेट मॅचेस. शाई 'च'पासून ओघळली. फार भारी दिसत होतं. खाली हातभर जागा मोकळी राहिली होती. तन्वी म्हणाली, "खाली रिकामं वाटतंय का रे?" मी म्हणालो, "निगेटिव्ह स्पेस आहे." बॅग खांबाला टेकवून ठेवली होती आणि ती माझ्याकडे बघत होती, असं मला वाटत होतं.

आणि रॅम्पवरून आबा उतरले.

आबा कधीच कुठल्या कार्यक्रमाला गेले नव्हते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही कानांत कापूस. मी पळत गेलो, "आबा, तुम्ही?"

"मी कुठं आलो?" आबा म्हणाले. "तुम्ही आलाय. वावर माझं हाय."

मला माहीतच नव्हतं की सोसायटी तीच. ते खांबांमधून चालत होते आणि ओंकारला दाखवत होते, "हे सगळं वांगी. तो पांढरा गाडा उभा हाय ना, तिथं बांध. लिफ्ट हाय तिथं विहीर." ओंकार म्हणाला, "म्हणजे लिफ्ट तवाही खालीच जात होती." आबा हसले. मग ते बरोबर आमच्या समोर येऊन उभे राहिले, आणि गोणपाटाकडे पाठ केली.

पाठ. सगळी पब्लिक, म्हणजे साठेक पोरं, स्टेजकडे तोंड करून उभी, आणि मधे एक पांढरा शर्ट उलटा.

तन्वी म्हणाली, "ते असे का उभे आहेत?"

मी हेल्पडेस्कच्या आवाजात काहीतरी सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण तो आवाज आला नाही, पेठेतले काका आले नाहीत, शेठ आले नाहीत, कुणीच आलं नाही. मी बॅगेतून पत्रा काढला, गोणपाटाच्या मोकळ्या जागेवर धरला आणि ब्रश मारला. पत्रा सरकला म्हणून 'ळ' थोडा फाटला.

तन्वीनं वाचलं. "करमाळा? करमाळा कोण?"

"मी."

"काऊन बे," ओंकार म्हणाला, "तू तर कर्वे रोडचा ना?"

"कर्वे रोडला मी केस कापतो."

"आणि बाबा? प्राध्यापक?" तन्वी.

"तोलार आहेत. बाजारात. पोती तोलतात, मोजतात."

तिनं दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या. मला वाटलं, आता काठ्या खाली ठेवेल आणि निघून जाईल. दीड वर्षं थापा, कुणीही गेलं असतं.

"म्हणजे तुझ्या घरात रोज मोजतात," ती म्हणाली, "आणि तू दीड वर्षं माझ्या तालाच्या पुढे पळतोयस? काय निर्लज्ज माणूस आहेस." आणि स्टुलावर जाऊन बसली. "बाकीचं वाजवून झाल्यावर बोलू. भरपूर बोलू. मोज आता."

ओंकार गिटार अडकवत पुटपुटला, "मले वाटलंच होतं. पुण्याचा माणूस एवढा जेवत नाही कोणाच्या घरी."

मी माईकसमोर आलो. समोर पांढरी पाठ. श्वास घेतला, आणि जो आवाज निघाला तो माझ्या वडिलांचा होता, म्हणजे काढलेला नव्हता, तसाच आत पडून होता:

"लाभ! दोन! तीन! चार!"

तन्वीची काठी बरोबर चारनंतर पडली. ओंकार आला. आबा वळले. गोणपाट वरून खाली वाचलं, हमालासारखं, एका नजरेत. मग कानातला एक कापूस काढला, फक्त एक, आणि दोन मिनिटं उभे राहिले. गाणं संपलं तसे निघून गेले. दुसऱ्या गाण्याला नाहीत. मुद्द्याचं झालं होतं.

तन्वी नंतर खरंच भरपूर बोलली. ते इथं लिहिण्यासारखं नाही. अजून ती मला कुणाशी ओळख करून देताना "हा कर्वे रोडला केस कापतो" असं सांगते.

मागच्या दिवाळीनंतर आबांनी गाळा सोडला. पोती आता छापूनच येतात, पत्रा कुणाला लागत नाही. शेवटचा महिनाभर ते तारेवरचा एकेक पत्रा काढून चालत ज्याच्या त्याच्या दुकानात परत देऊन येत होते. काही दुकानं बंद झाली होती, तिथं शटरला अडकवून आले. आता वारज्यात पंप चालू झाला का ते बघतात, आणि मीटिंगमधे दोन मिनिटांत मुद्द्याचं बोलून निघून जातात असं ऐकतो. माझे दोन्ही पत्रे माझ्या खोलीत आहेत. पंखा लावला की एकमेकांवर आपटतात, खालचे काका वर येऊन पाटी लावायची धमकी देतात.

पण मला सांगायचं होतं ते चहाचं.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच मार्केट यार्डात गेलो, मोबाईलवर रेकॉर्डिंग घेऊन. आबांनी तो डब्यात टाकला आणि उकिडवे बसले. डब्यातून माझा आवाज आला, लाभ, दोन, तीन, चार, मग दणका. संपेपर्यंत त्यांनी डब्यावरून नजर हलवली नाही.

"तीनवर घाई केलीस," ते म्हणाले.

"हो."

"बाप ओरडला असता."

"ओरडले. त्यांना पाठवलं होतं. पहिलं वाक्य हेच. म्हणाले, असं माप टाकलंस तर शेतकरी काटा डोक्यात घालंल."

आबांनी मोबाईल काढून शर्टाला पुसला आणि मला दिला. कोपऱ्यातलं ते ज्वारीचं पोतं नव्हतं, विकलं असणार. चहावाला किटली घेऊन दारात आला, मला बघून सवयीनं थांबला.

"आबा, किती?"

"दोन," आबा म्हणाले. "एक मला. एक करमाळ्याला."